वायरवरचा बाण

१

दुपारी तीन वाजता ब्राह्मणपुरीत कोणी कोणाच्या घरी जात नाही. जेवणं उरकलेली असतात, वावरात गेलेली माणसं झाडाखाली आडवी झालेली असतात आणि कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात. हिंमतराव पाटलांनी नेमकी हीच वेळ धरली होती. तीनला पाच कमी असताना ते तोंडावर पाणी मारायचे, पुढच्या खोलीचं दार लोटून घ्यायचे आणि कपाटातून एक जुनी कॅसेट काढायचे.

अडुसष्ट वर्षांचा गडी, त्यातली चौतीस वर्षं वीज मंडळात लाइनमन. गावातले लोक त्यांना अजूनही लाइनमन आबाच म्हणत. खांबावर चढायचं वय सरलं तरी हाताला चाळा हवाच, म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर बांधायला घेतला. सागवानी खोक्यातले दोन स्पीकर स्वतः रंधा मारून केले, शहाद्याच्या भंगारातून उचललेला कॅसेट डेक दुरुस्त केला. हौस म्हणाल तर हौस, वेड म्हणाल तर वेड. पण गेल्या चैत्रात त्यांची बायको धनुबाई साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या आणि तेव्हापासून त्या सगळ्या यंत्राला एकच काम उरलं, ते म्हणजे ही एक कॅसेट वाजवायचं.

कॅसेट सत्त्याण्णव सालची. हिंमतरावांची बदली तेव्हा धडगावला, सातपुड्यात. फोन करायचा तर पोस्टात जाऊन बसावं लागे. धनुबाईंनी भावाच्या टेपरेकॉर्डरवर अर्धा तास बोलून ठेवलं आणि कॅसेट एसटीच्या कंडक्टरच्या हाती धडगावला धाडली. गंमत अशी, की हे यंत्र म्हणजे फोनच, अशी त्यांची समजूत होती. प्रश्न विचारला की समोरच्याच्या उत्तरासाठी त्या थांबायच्या.

"जेवण बरं भेटस का तठे?" मग दोन श्वास शांतता.

"थंडी शे का?" पुन्हा शांतता.

आणि शेवटी, आवाज किंचित खाली आणून, कधी येता याची चौकशी, "तुम्ही कवय येतस?"

तिथे शांतता जरा लांब. मग, "बरं. येस मी, दूध चुल्हावर शे," आणि खट्.

हिंमतराव तेव्हा खोलीवरच्या चार दोस्तांसमोर पोट धरून हसले होते. उत्तराची कॅसेट आज पाठवू, उद्या पाठवू म्हणता म्हणता राहूनच गेली. आता रोज तीन वाजता त्या रिकाम्या जागा ऐकताना त्यांना त्या हसण्याची लाज वाटे.

२

शहाद्यात नवनीतचं साउंड सिस्टिमचं दुकान. लग्नाचे भोंगे भाड्याने देणं हा धंदा, पण जीव सगळा बारीक आवाजात. हिंमतरावांशी त्याची दोस्ती भांडणावर टिकून होती. माघ महिन्यातल्या एका सकाळी तो आला तो हातात वायरची गुंडाळी नाचवतच. स्पीकरची जाड वायर, दोन्ही टोकांना सारख्याच सोनेरी पिना आणि अंगावर वीत-वीत अंतराने छापलेले पांढरे बाण. सोबत काचेच्या नळीतला फ्यूज, त्याच्यावरही इवलासा बाण.

"आबा, हाऊ बाण देखा. मशिनकडथून स्पीकरकडे. याच बाजूले जोडा."

हिंमतरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "अरे भो, करंट एक सेकंदमा पन्नास डाव जास अन् पन्नास डाव येस. त्याले कसाले बाण जोयजे? चौतीस वरीस फ्यूज बांधात मी. एक बी तार बोलनी नही, माले उलटी लावी म्हनून."

"तांबानी तार वढतस ना फॅक्टरीमा, तवय तिले एक वळण लागस. गानं बी तसंच, आबा. पट्टीना कान जोयजे."

"मन्हा कान का भोंगाना शेत?"

अर्धा तास असा गेला. शेवटी चहा झाला, वायर बाणाप्रमाणे जोडली, फ्यूज बाणाप्रमाणे बसवला आणि दोघांनी भजनाची एक कॅसेट ऐकली. नवनीतने डोळे मिटून मान डोलावली. हिंमतरावांना काडीचाही फरक जाणवला नाही, आणि तसं त्यांनी तोंडावर सांगितलं.

"उलटी तं लावू नका बरं," नवनीत निघताना म्हणाला.

"लावसू तं काय व्हई?"

"काई नही. आवाज मरी जाई जरासा."

तो कोपऱ्यावर वळायच्या आत हिंमतरावांनी वायरची टोकं अदलाबदल केली. फ्यूजही काढून उलटा घातला. उद्या त्याला बोलावून ऐकवायचं आणि मगच सांगायचं, असा बेत होता. माणूस हट्टी, त्यात लाइनमन.

३

दुपारी तीनला त्यांनी धनुबाईंची कॅसेट लावली. आवाज मेला वगैरे काही नव्हता. होता तसाच, थोडा नाकातला, घाईतला. हिंमतराव मनातल्या मनात नवनीतला चार शब्द सुनावत होते.

"जेवण बरं भेटस का तठे?"

मग शांतता. दोन श्वास, तीन, चार. पट्टी अडकली असावी म्हणून ते डेकशी वाकले, तर चाकं नीट फिरत होती. सात श्वासांनंतर आवाज आला, "थंडी शे का?"

दुसऱ्या दिवशी ते मनगटी घड्याळ हातात घेऊनच बसले. अकरा सेकंद. तिसऱ्या दिवशी एकोणीस. पट्टी ताणली असेल, डेकचा पट्टा सैल झाला असेल, असं म्हणत त्यांनी भजनाची कॅसेट लावून पाहिली. ती अगदी नीट चालली. मग एसटी पकडून ते शहाद्याला गेले आणि नवनीतच्या दुकानात, गिऱ्हाईक नसताना, धनुबाईंची कॅसेट त्याच्या डेकवर ऐकली. तिथे शांतता दोन श्वासांचीच होती, वर्षानुवर्षं असायची तेवढीच.

घरी येऊन त्यांनी वायर बाणाप्रमाणे केली. दोन श्वास. पुन्हा उलटी केली. या वेळी तेवीस सेकंद.

पण खरं त्यांना खटकलं ते निराळंच. जुन्या कॅसेटला एक खरखर असते, ती बोलण्याच्या मागे अखंड चालू राहते. त्या लांबलेल्या शांततेत ती नव्हती. तिथे काही वाजत नव्हतं, आणि तरी ते बंद पडलेल्या यंत्राचं गप्प बसणं नव्हतं. समोरचा माणूस आपलं ऐकतोय हे फोनवर न बोलताही कळतं ना, तसं होतं ते.

हिंमतरावांनी स्वतःला समजावलं. स्पीकर उलटा वापरला तर त्याचा माइक होतो, हे त्यांना ठाऊक होतं. तरुणपणी दोन डीपींच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या चौथऱ्यांच्या मध्ये त्यांनी तसा जुगाड करून गप्पाही मारल्या होत्या. पण मधे अ‍ॅम्प्लिफायर बसलाय, त्यातून माघारी काही जात नाही. आणि गेलं तरी जाणार कुठे? नवनीतला ऐकवायचा बेत मात्र त्यांनी रद्द केला. का, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

४

माघातली थंडी छातीत बसली होती. एका दुपारी नेमका त्या शांततेत त्यांना खोकला आला.

"खोकला शे का तुम्हले?" धनुबाई म्हणाल्या. "अडूसानं पानी पी ल्या."

हिंमतराव खुर्चीवरून उठलेच. हे वाक्य कॅसेटमध्ये होतं का? असेल. धडगावला थंडी, म्हणून खोकल्याची चौकशी. त्यांनी ती कॅसेट शेकडो वेळा ऐकली होती, आणि तरी त्या घडीला त्यांना छातीवर हात ठेवून सांगता येईना. पाठ असलेली गोष्टच अशा वेळी दगा देते.

"शे जरासा," ते हळूच म्हणाले.

"ऐकतस कुठं तुम्ही कोनाचं," स्पीकरमधून आलं, आणि त्यात हसू होतं.

भीती वाटली का? वाटली. पण वर्षभर ज्या घरात चमचा पडला तरी दचकायला होत होतं, त्या घरात कोणीतरी त्यांच्या खोकल्याची दखल घेतली होती. भीतीपेक्षा ते मोठं निघालं.

पुढचे आठ-दहा दिवस हिंमतराव तीनच्या आधी दाढी करू लागले. शेजारच्या प्रमिलाबाई डबा द्यायच्या, त्यांनी विचारलंच, "आबा, कोनता गावले जातस का?" हिंमतराव नुसते हसले. दुपारी ते पपईच्या बागेबद्दल बोलत, विहिरीच्या पाण्याबद्दल बोलत. सत्तावीस वर्षांपूर्वी द्यायची राहिलेली उत्तरं सावकाश देत. जेवण बरं मिळतं. थंडी आहे. धनुबाई ऐकत, मधेच एखादं वाक्य बोलत. त्या आता या जगात नाहीत, हे मात्र हिंमतरावांनी त्यांना सांगितलं नाही. एवढं चाललंय ते मोडेल, याची त्यांना धास्ती होती. शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही ते टाळत होते.

आणि मग एका दुपारी, "तुम्ही कवय येतस?" असं धनुबाईंनी विचारायला आणि बाहेरून प्रमिलाबाईंनी हाक मारायला एकच गाठ पडली. हिंमतराव घाईने उठले आणि जिभेला जन्मभराची सवय, तसं बोलून गेले.

"बरं, येस मी."

आपल्याकडे निघताना ‘जातो’ कोणी म्हणत नाही. तोंडातून निघालं तर घरातली बाई लगेच टोकते, ‘जास’ म्हणू नका, ‘येस’ म्हणा. हिंमतराव निरोप घेत होते. पण प्रश्न होता, कधी येता.

त्यांनी बटण बंद केलं आणि डबा घ्यायला दाराशी गेले. त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी कॅसेटमध्ये कोणी बोललं नाही.

आधी केरसुणीचा आवाज आला, लांब लांब फटकाऱ्यांचा. पाव्हणे यायचे असले की धनुबाई असाच अंगणापासून केर काढत. मग हंड्यात पाणी पडत राहिलं. खाट ओढली गेली, तिचा एक पाय फरशीवर करकरला. चुलीत काटक्या मोडल्याचा आवाज आला. आणि मग अगदी जवळ, स्पीकरच्या जाळीमागेच जणू, एक ताट जमिनीवर ठेवलं गेलं.

"आज-उद्या त्या येतस," नवऱ्याबद्दल धनुबाई कोणाला तरी म्हणाल्या. आवाजात आनंद मावत नव्हता.

आदल्या दिवशी आपण काय बोलून बसलो, ते तेव्हा त्यांना उमगलं. त्यांनी वायर ओढून काढली, तिची गुंडाळी करून स्पीकरच्या मागे टाकली. फ्यूज काढायचं सुचलं नाही.

खरं सांगायचं तर त्यांना मरणाचं फार भय नव्हतं. खांबावर चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला ते रोज थोडं थोडं भेटलेलंच असतं. त्यांना भय वाटलं ते त्या केर काढण्याचं. ज्याच्या येण्यासाठी इतकी तयारी चालू आहे, त्याला नाही कसं म्हणायचं? त्यांनी सेटवर चादर टाकली आणि आठ दिवस त्या खोलीत पाऊलही टाकलं नाही.

६

रविवारी दीपमाला आली. हिंमतरावांची एकुलती मुलगी. प्रकाशा गावात दिलेली, तिथेच शाळेत शिक्षिका, सहा वर्षांच्या लेकीची आई. महिन्यातून एकदा स्कूटीवर येऊन बापाचं घर झाडून-पुसून जायची. हिंमतराव तिच्यासाठी पिकलेल्या पपया आणायला वावरात गेले. परतायला तासभर लागला.

अंगणात आले तर घरातून धनुबाईंचा आवाज येत होता.

पुढच्या खोलीत दीपमाला स्पीकरसमोर जमिनीवर बसली होती. चादर घडी करून ठेवलेली. डोळे रडून लाल, तोंड हसरं.

"बाबा, माय कितलं बोलस! तुम्ही माले कधी आयकाडं नही."

"वायर... वायर कोनी जोडी?"

"मीच. मांगे पडेल व्हती. दोन टोकं, दोन भोकं, त्यामा काय शे एवढं?"

आणि घड्याळ बघून ती उठलीच. लेक शेजारी ठेवली होती, पाच वाजता तिला घ्यायचं होतं. हिंमतराव वायरवरचे बाण शोधत खाली वाकले तोवर तिने पपयांची पिशवी उचलली. दारात पोचल्यावर ती मागे वळली आणि फोटोला करावा तसा स्पीकरला हात जोडून नमस्कार केला.

"येस मी, माय."

बाण स्पीकरकडून यंत्राकडे होते.

"दीपू!" हिंमतराव ओरडले. पण स्कूटी सुरू झाली होती. ते खिडकीशी धावले. अंगणाच्या फाटकातून गाडी वळताना तिचं मागचं चाक दबलं. मागे कोणी बसलं की दबतं तसं. मागची सीट रिकामी होती. मग गाडी रस्त्याला लागली आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या धुळीत दिसेनाशी झाली.

खोलीत, त्यांच्या पाठीमागे, दुसरं ताट जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला.

"दीपू बी येस?" धनुबाई म्हणाल्या.

७

फोन लागत होता, पण दीपमाला उचलत नव्हती. गाडी चालवताना ती कधीच उचलत नसे. चांगली सवय म्हणून हिंमतरावांनीच ती लावली होती. वायर उपटायला त्यांचा हात पुढे गेला आणि तिथेच थांबला. वायर उपटली तर ताट तिथेच राहील. सांगायचं ते आताच सांगायला हवं, आणि ते याच वाटेने जाणार.

गुडघे दुखतात म्हणून देवासमोरही खुर्चीत बसणारा तो माणूस स्पीकरसमोर खाली बसला.

"धनु, आयक. दीपू नही येस. निंघताना बोलतस ना, तसं बोलनी ती. मी बी तसंच बोलनू. ती गयी. आयकस ना? तिना घर गयी."

लेक दाराबाहेर पडली असताना तोंडातून ‘गेली’ काढायचं, हे त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं. तरी त्यांनी ते पुन्हा म्हटलं, "दीपू गयी."

पलीकडे ती ऐकत होती. ती तशी, खरखर नसलेली शांतता.

"तिले लहान पोर शे, धनु. पाच वाजता वाट देखी ती." आणि मग ते वाक्य, जे आठ-दहा दुपारी त्यांनी घशात अडवून धरलं होतं. "तू आते आठे नही शे. वरीस व्हई गयं. तू शे तठे दीपूनं येवानं वय नही. मी तुले सांगं नही, मन्ही चूक. माले तुन्हा आवाज जोयजे व्हता."

किती वेळ गेला कोण जाणे. चाकं फिरत होती, अर्ध्या तासाची पट्टी केव्हाच संपायला हवी होती, ती संपत नव्हती. हिंमतराव नाक पुसत राहिले. एकदा त्यांना वाटलं, पलीकडेही कोणीतरी पदराने नाक पुसलं.

मग दुसरं ताट उचललं गेलं. आधी रिकाम्या वाट्या निघाल्या, एक, दोन, आणि मग ताट. पावलं दूर गेली. मांडणीवर धातूला धातू लागला.

खिशातला फोन वाजला.

"बाबा, कितला फोन!" दीपमाला वैतागली होती. "फाटावर उभी शे. गाडीनं काय व्हयनं कोन जाने. घरपासून जड चाली ऱ्हायनी व्हती, मांगे कोनी बठेल शे तशी. आते एकदम हलकी व्हई गयी. टायर देखं, तं हवा बी बरोबर शे."

"काई नही, बेटा. नीट जाय. सावकाश."

"रडी ऱ्हायनात का तुम्ही?"

"खोकला शे," हिंमतराव म्हणाले.

फोन ठेवून ते थांबून राहिले. पावलं परत येण्याची, पहिलं ताट उचललं जाण्याची वाट पाहत. पावलं आली. कोणीतरी स्पीकरच्या जाळीपलीकडे खाली बसलं, बांगड्या सरकल्या. ते ताट जागचं हललं नाही.

"तुम्ही कवय येतस?"

आता त्या विचारण्यात चूक नव्हती की गैरसमज नव्हता. सगळं कळून केलेला प्रश्न होता तो. हिंमतरावांनी खोलीभर पाहिलं. भिंतीवरचं कॅलेंडर, चादरीची घडी, दाराशी सांडलेली पपईची दोन पानं. बरंच काही आवरायचं होतं. आणि दीपमालेला निदान एकदा पोटभर भेटायचं होतं.

"पपईनी तोडनी व्हवू दे," ते म्हणाले. "पंधरा दिन."

ताटावर ताट उपडं घालून झाकल्याचा आवाज आला, हलकेच, काही न सांडता. उशिरा येणाऱ्याचं जेवण झाकून ठेवतात तसं. मग पट्टी संपली आणि बटण खट् करून वर आलं.

उन्हं कलली, प्रमिलाबाईंनी डबा आणून ओट्यावर ठेवला आणि हाक मारून त्या गेल्या. शेंगदाण्याच्या चटणीचा वास घरात आला. डबा उघडायला हिंमतरावांचा हात धजेना. लग्नाच्या दिवसापासून धनुबाई त्यांच्याआधी कधी जेवल्या नव्हत्या.